काळं भरीत, हिरवं भरीत

तानुबाईला आयुष्यात एकाच गोष्टीसाठी नाव मिळालं होतं, आणि ती गोष्ट वांग्याची होती.

पहूरहून लग्न होऊन ती फैजपूरच्या बाजूच्या या केळीच्या गावात आली, तेव्हा घरात तिच्याहून गोऱ्या, तिच्याहून शिकलेल्या, तिच्याहून गोड गळ्याच्या बायका होत्या. तिच्यामागून आलेली धाकटी जाऊ कमलबाई तर ओव्या म्हणायला लागली की शेजारची जाती थांबायची. तानुबाईला गाता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. पण पहिल्याच हिवाळ्यात सासूनं तिला वांगी भाजायला बसवलं आणि गल्लीला तिचा हात कळला. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगं कधी फिरवायचं, साल कधी सुटतं, बडगीत म्हणजे त्या लांबट लाकडी उखळीत मिरची किती ठेचायची आणि वांगं किती, हे तिला न शिकवता येत होतं. तिचं भरीत कोवळ्या केळीच्या पानासारखं हिरवट निघायचं. तेव्हापासून चंपाषष्ठीच्या गल्लीच्या पंगतीला भरीत तिच्याच हातचं. पंगतीचं सगळं पाहणारे अभिमननाना आठवडाभर आधी ओट्यावर येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि उठताना म्हणायचे, वांगी आणतो वहिनी. त्या एवढ्याशा वाक्यावर तानुबाईचं वर्ष निघायचं.

मग, मध्ये कुंपण घालून दोन्ही जावांची घरं वेगळी झाल्यावर, कमलबाईचा मुलगा नवल धुळ्याकडची बायको करून आला.

दिपमाला सावळी, काटकुळी, आणि तोंडानं सतत चालू. कॅलेंडरच्या मागची पानं, पुड्यांचे कागद, मोबाईल, जिथून मिळेल तिथून ती चमत्कारिक माहिती गोळा करायची आणि भाजी निवडता निवडता वाटायची. केळीचं झाड हे झाडच नाही, खोड म्हणजे नुसती पानांची गुंडाळी आहे, असं तिनं सांगितलं तेव्हा तानुबाईचे यजमान तोताराम, जे घरात दिवसाला चार शब्द बोलत, हातातलं पाणी ठेवून म्हणाले, "म्हणजे आपण जन्मभर गवतच लावलं म्हणायचं." आणि हसले. तानुबाईनं त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

केळं वाकडं का असतं, तेही दिपमालानं सांगितलं. घड लोंबतो खाली, पण केळं वर उजेडाकडे वळू पाहतं. कमलबाईच्या कोठीतली कच्ची केळी दर खेपेला लवकर का पिकतात, याचा छडाही तिनं लावला. कमलबाई त्याच कोपऱ्यात पिकली सीताफळं ठेवायची, आणि एक पिकलं फळ शेजारच्याला पिकवतं. इतकी वर्षं कमलबाई त्याचा दोष उंदरांना, पत्र्याला आणि नवऱ्याच्या पायगुणाला देत आली होती. बायका खो खो हसल्या. तोतारामांनी रात्री जेवताना ती गोष्ट पुन्हा सांगितली.

तानुबाई भाकरी वाढत राहिली. तिचा सगळा जन्म केळीत गेला होता. केळं वाकडं का, असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं, आणि हेच जास्त लागत होतं.

तरी ते सगळं तिनं गिळलं असतं. बोलणं दिपमालाचं, भरीत आपलं, अशी तिनं मनाशी वाटणी करून टाकली होती. ती वाटणी मोडली कमलबाईच्या लेकीच्या मुलाच्या बारशाला. माणसं वाढली, भरीत कमी पडेलसं वाटलं, म्हणून दिपमालानं माहेरून आणलेल्या बडगीत आणखी थोडं केलं. दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली गेली. दिपमालाचं भरीत पोपटी. तानुबाईचं, अलीकडे व्हायचं तसं, काळपट, पावसात भिजलेल्या पोत्यासारखं. चवीला दोन्ही सारखीच, असं सगळे म्हणाले; पण डाव आधी हिरव्यातच बुडत होता. अभिमननाना बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, डोळ्याला बी जेवण लागतं बरं." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधी ते कमलबाईच्या ओट्यावर बसले. चहा तिथं प्यायले. वांगी तिथं गेली. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

तेव्हापासून तानुबाईला झोपेत हिरवं दिसू लागलं. तिनं भरताला नावाजलेली बामणोदची वांगी मागवली. काड्या बदलल्या, तेल वाढवलं, लिंबू पिळून पाहिलं. भरीत काळंच. कुंपणाच्या फटीतून तिनं दिपमालाला भरीत करताना पाहिलं. पूड नाही, पाणी नाही, मंत्र नाही. मिरची, लसूण, वांगं आणि दणादण मुसळ. तिनं एकदा मीठ-मोहऱ्या स्वतःवरूनच ओवाळून चुलीत टाकल्या. आरशात पाहिलं तर चेहराही भरतासारखा काळवंडल्यागत वाटला. ज्या मुलीला ती पोरीसारखं जवळ घेऊ शकली असती, तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज ऐकला की तानुबाई दार लोटून घ्यायची.

या वर्षी दिवाळीनंतर ती वेफर्ससाठी कच्ची केळी कापत होती. विळी जुनी, लोखंडी. काप पडत होते आणि विळीकडची बाजू बघता बघता काळी पडत होती. केळीचा चीक असाच, कापडाला लागला की जन्माचा डाग, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. एक केळं फारच लहान होतं. ते तिनं हातानंच मोडून बाजूला टाकलं. काम आटोपून उठताना तिची नजर गेली, तर मोडलेलं केळं जरा तांबूस झालं होतं एवढंच, आणि विळीचे काप काजळासारखे. एकाच फणीतली केळी.

तानुबाई विळीकडे पाहत राहिली. मग उठली, आत गेली, कोपऱ्यातली बडगी उचलून उजेडात आणली आणि उलटी केली.

काही वर्षांपूर्वी त्या बडगीला तळाशी भोक पडलं होतं. सासूची बडगी, टाकवेना. तेव्हा तानुबाईनं पितांबर लोहाराकडून आतून बाहेरून लोखंडी पत्रा ठोकून घेतला होता. आता नातवापर्यंत चालेल, असं ती गल्लीभर सांगत फिरली होती. दर हिवाळ्यात बडगी धुऊन, पत्रा राखेनं घासून ती लख्ख करायची. भरीत काळं पडायला लागलं तेव्हा तिनं संकरित बियाण्याला दोष दिला, खताला दिला, शेवटी दिपमालाच्या नजरेला दिला.

त्याच संध्याकाळी तिनं एकच वांगं भाजलं. अर्धं बडगीत ठेचलं, अर्धं लाकडी काठवटीत. दोन वाट्या पुढे ठेवून ती चुलीपाशी बसून राहिली. एक वाटी हिरवी राहिली. बडगीतली हळूहळू काळी पडली. कोडं सुटलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही उभं राहिलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिपमाला तिच्याकडे भांडी घासायला बसली होती. बडगी तिनंच धुतली होती. आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं होतं, बोटाचं टोक पाहिलं होतं, आणि काही न बोलता बडगी पालथी घातली होती. दिपमाला, काही न बोलता! केळं वाकडं का, हे वाटसरूलाही थांबवून सांगणारी पोर.

तानुबाई पदर खोचून कुंपणापलीकडे गेली. दिपमाला अंगणात तूर पाखडत होती. तानुबाईनं प्रस्तावना केली नाही.

"पत्र्यानं काळं पडतं. तुले माहीत व्हतं?"

दिपमालाचं सूप थांबलं. 

"व्हतं, अक्का. पहिल्याच दिनले."

"मंग मले काऊन नाही सांगितलं व? साऱ्या गावाले सांगत फिरते."

दिपमालानं सूप खाली ठेवलं. माहेरची बोली तिच्या तोंडी रागात किंवा रडू येताना यायची. आता दोन्हींपैकी काय होतं ते कळत नव्हतं.

"मी बठ्ठं सांगी दिसू, मंग माले कोन इचारी? ह्या गल्लीमा मनं दुसरं काय शे?" मग जरा सावरून ती म्हणाली की सगळंच सांगून टाकलं तर मला कोण विचारील, या गल्लीत माझं म्हणून दुसरं आहे काय; माझ्या गमतींना लोक हसतात आणि विसरतात. पण तुम्ही बडगीपाशी बसलात की साऱ्या बायका आपसूक तुमच्याभोवती येऊन बसायच्या, काही न बोलता. मी कोपऱ्यातून बघायची. मला तुमचा इतका राग यायचा, अक्का.

 आपला कुणी हेवा करावा, असं आपल्याजवळ काही होतं, हेच तानुबाईला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

"माही बडगी आता गेली," ती शेवटी म्हणाली. "पत्रा काढला तर भोक हाय. चंपाषष्ठीले तुही दे."

"देईन. पण बडगीसंगे मी बी येईन."

"ये. पण मुसळ माह्या हातात राहीन."

"मिरच्या मी ठेचीन," दिपमाला म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

चंपाषष्ठीला गल्लीत पानं मांडली गेली. भरीत आलं ते कोवळ्या केळीच्या पानासारखं, तानुबाईच्या पहिल्या हिवाळ्यात होतं तसंच. अभिमननानांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, डोळे मिटले. मग विचारलं, "कोणाच्या हातचं हे?"

तानुबाई थांबली. हा प्रश्न येणार, हे तिला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर तिनं रात्रभर घोळवलं होतं. पण दिपमाला वाढता वाढता, मागे वळूनही न पाहता म्हणाली, "अक्कांच्या."

एवढं सहज. जणू मीठ पुढे केलं. तानुबाईचा जुना हेवा पुन्हा जागा झाला. हे असं देऊन टाकणंही या पोरीलाच जमावं.

नाना वाखाणत होते. तोताराम मान हलवत होते. तानुबाईनं भरताचं पातेलं दुसऱ्या हातात घेतलं आणि नानांच्या पानात आणखी एक डाव वाढला.

"मिरच्या तेवढ्या तिच्या," ती म्हणाली.