रॅम्बल सर

खुर्चीवर बसले की सर मुके व्हायचे. बोलायचं तर त्यांना चालावं लागे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत. बाकांमधून फिरता फिरता कविता सोडून संत्र्याच्या बहारावर येत, तिथून मामाच्या लग्नावर, आणि एखाद्या दिवशी बोलत बोलतच दाराबाहेर पडत. आम्ही वह्या घेऊन मागे. तास संपायचा तेव्हा वर्ग कडुनिंबाखाली असायचा.

'रॅम्बल सर' हे नाव त्यांच्याच एका तासामुळे पडलं. धड्यात तो इंग्रजी शब्द आला आणि सरांनी त्याचे शब्दकोशातले अर्थ फळ्यावर लिहिले: भटकणे, असंबद्ध बोलणे, वेलीने वाटेल तसे पसरणे. मग खडू ठेवून म्हणाले, "पाहा आता. भटकणे म्हटलं का बाप दारात काठी घेऊन उभा दिसते. असंबद्ध म्हटलं का डॉक्टर दिसते. एकट्या वेलीलेच कोणी काही म्हणत नाई."

मागून कोणी तरी विचारलं, "मंग सर, परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत भटकणेच लिही बाप्पा. पेपर तपासणाराही कोणाचा तरी बापच असते."

त्या शब्दाला मराठी जोड मात्र त्यांना कधी सापडली नाही. संध्याकाळी ते मला घेऊन बडनेऱ्याच्या रस्त्यानं निघत. मी तेल्हाऱ्याचा, म्हणून माझं नावच त्यांनी तेल्हारा ठेवलं होतं. "रमतगमत चालते रे तेल्हारा, पण त्यात बोलणं नाई. गप्पा म्हटलं तर त्याले पाय नाई." असं चार-चार मैल चालायचं.

त्याच वर्षी माझी आई गेली. मी कोणापाशी रडलो नव्हतो. त्या रस्त्यावर एका संध्याकाळी बोलायला लागलो आणि तासभर बोलत राहिलो. सर सोबत चालत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. चालताना गप्प असलेले सर मी तेवढे एकदाच पाहिले.

पुढं मी अकोल्याला प्राध्यापक झालो. सर निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी रस्ते विसरू लागले. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "घरात बसून राहत नाई रे हे. मी त्यायले सांगतलं, फिरतानी तेल्हाऱ्याले फोन लावत जा. तू फक्त आयकत जा. कुठी हायेत ते तुले समजलं का मले सांगशीन."

एवढंच काम होतं. पहिले काही महिने मी ते मनापासून केलं. मग त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा यायला लागल्या. मी फोन टेबलावर पालथा ठेवून उत्तरपत्रिका तपासायला लागलो. सर श्वास घ्यायला थांबले की मी म्हणायचो, "हो सर. बरोबर आहे सर." दोन्ही कामं होत होती. त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांचा सकाळी असाच फोन आला. बावीस मिनिटं चालला, असं नंतर मी मोबाइलमध्ये पाहिलं. तो कधी बंद झाला हेही मला समजलं नव्हतं. दुपारी काकूंनी फोन करून विचारलं, "कुठी हायेत रे हे?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "घराकडेच निघाले होते काकू. येतच असतील." त्या माझ्या भरवशावर आणखी दीड तास वाट पाहत बसल्या. सर बडनेऱ्याच्याही पुढं रस्त्याच्या कडेला पडलेले सापडले. ऊन लागलं होतं. मी अकोल्याहून पोहोचेपर्यंत ते गेले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्या रस्त्यानं विचारत गेलो. एक टरबूजवाली म्हणाली, "इथंच थांबले होते ना बाबा. फोनचा आवाज मोठा होता, मले सारं आयकू आलं. फोनमंदी इचारलं त्यायनं, 'तेल्हारा, घराकडे याच रस्त्यानं जाऊ ना बे?' तिकडून माणूस म्हणे, बरोबर आहे सर. मंग म्या काहून अडवू त्यायले?"

मी तिच्याकडून एक टरबूज घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही.

तेरवीला काकूंनी विचारलं, "शेवटी तुह्याशीच बोलले ना रे? काय बोलत होते?" मी म्हणालो, "तुमचंच, काकू. तुमच्या हातच्या पुरणपोळीचं बोलत होते." ते त्यांनी आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं. आता त्या अकोल्यालाच लेकीकडे असतात. मी गेलो की पुन्हा सांगायला लावतात आणि मी दरवेळी त्यात थोडी भर घालतो.

मागच्या रविवारी मी त्यांना खरं सांगितलं. टरबूजवालीसकट सगळं. त्या मेथी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंग माहं काईच बोलले नाई ते?"

"बोललेही असतील, काकू. मी ऐकलं नाही."

त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली आणि निवडलेल्या पानांतच काड्या टाकू लागल्या. मी त्या वेचून बाजूला काढत बसलो.