कडेचं दिसणं

तरुणपणी मला माज होता. रूपाचा नव्हे, तेवढी सोय देवानं ठेवली नव्हती. माज होता डोळ्याच्या कडेचा. समोर पोळी लाटता लाटता डावीकडे दूध कुठवर आलंय आणि उजवीकडे दारात कोण चपला काढतंय, हे मान न वळवता कळायचं. सगळ्यांना असंच दिसतं, अशी तेव्हाच्या त्या शहाणीची ठाम समजूत.

त्यामुळे नवरा तिला उमजेना. हातभर अंतरावर दूध उतू जायचं आणि हे पेपरात. "अहो, दिसलं नाही?" "नाही." एकदा मंडईत ती पिशवी हलवत उभी, आणि हे अगदी जवळून सरळ पुढे निघून गेले. झालं! बायकोला ओळख देत नाही म्हणजे काय? "टांग्याचा घोडा बरा, त्याची झापडं संध्याकाळी काढतात तरी," असं ती सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. एखाद्याचं कडेचं दिसणं मुळातच कमी असू शकतं, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. तिथे जागा कुठे होती!

अलीकडे दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. स्कूटर कुठूनही उगवायच्या. मी रस्त्याला शिव्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. मग तपासणी. हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी अंदाजानं धडाधड दाबत सुटले.

"आजी, दिवा लागायच्या आधीच दाबताय तुम्ही," तपासणारी मुलगी म्हणाली.

"अगं, मला आधीच दिसतं."

ती हसली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी खरेपणानं बसले. यंत्राचा बारीक आवाज येत राहिला. म्हणजे दिवे लागत होते. माझं बोट बटणावर तसंच.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "थेंब घालायचे ते उरलेलं टिकवायला."

"म्हणजे दातांसारखंच," मी म्हटलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

वाटलं होतं, गेलं तिथे काळोख दिसेल. तसं नसतं. चित्र पुरं वाटतं, फक्त त्यात माणसं नसतात.

नारायण पेठेतून घरी येताना मी ह्यांच्याशी बोलत होते. उत्तर येईना. मान वळवली, कोणी नाही. दुसरीकडे वळवली, कोणी नाही. "अहो!" मी अशी ओरडले की लोक थांबले.

"अगं, इथेच आहे." आवाज अगदी खांद्याशी.

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू?"

"काहीही. दुकानांच्या पाट्या वाचा."

हे वाचू लागले. वाहन लावू नये. उधार मागू नये. दुपारी दुकान बंद राहील. जन्मात एवढं सलग बोलले नव्हते. त्या आवाजाच्या आधारानं मी चालत राहिले. आमच्या गल्लीत दुकानं नाहीत. तिथे पाट्या संपल्या, हेही गप्प झाले, आणि घरापर्यंत मी एकटी आले.

हे शेजारीच होते, म्हणे.