विळा घसरला आणि खेळणं झालं

अर्धापुरात आई केळीच्या बागेत मजुरीला जायची. एकदा केळीचं पान कापताना तिचा बोथट विळा तीनदा घसरला आणि पानाच्या जाड दांड्यावर तिरपे काप पडले. तिनं दांडा झटकला तर फटफट आवाज! आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात तेच खेळणं होतं.

मी ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलं. शाळेनंच मला पदवीपर्यंत जायची वाट दाखवली, ते उपकार आहेतच. पण परीक्षकांनी विचारलं, "यामागचा सिद्धांत काय?"

"आईचा विळा घसरला, सर."

बक्षीस नांदेडहून विकत आणलेल्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला मिळालं. निघताना परीक्षक हळूच म्हणाले, "हे दे ना, आमच्या पोराला."

घरी आई म्हणाली, "दिलंस? आदी सिद्धांत इचारायचा व्हता की त्येला!"