सहा खुर्च्यांची ऑर्डर

गल्लीत तिला सगळे वकील म्हणायचे. आई-बाप दोघंही जन्मापासून बहिरे, वेताच्या खुर्च्या विणून पोट भरणारे. त्यामुळे दुकानदाराशी घासाघीस करणं, डॉक्टरांना दुखणं सांगणं, शाळेतून आलेली स्वतःचीच तक्रार आई-बापांना हातांनी समजावणं, हे सगळं ती सहा वर्षांची असल्यापासून करत आली. तक्रारीतला निम्मा भाग ती गाळायची, हे मला शेजारीण म्हणून पक्कं ठाऊक होतं. बापाने मात्र केव्हाच ठरवून टाकलं होतं, की ही कुठे जाणार नाही. ही आमचे कान.

सतराव्या वर्षी ती काचवाल्याच्या मुलाच्या प्रेमात पडली. पोरगा एकोणीसचा, अगदी सरळ. तिच्यासाठी हातांची भाषाही शिकला, तिच्याकडूनच. दोघं जिन्यात बसून तासन्‌तास हातवारे करायचे.

"बोलता येतं ना तुम्हाला?" मी एकदा हटकलं.

"मावशी, असं भांडलं की तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. मला हसू आवरेना.

मग एका सकाळी काचवाला मुलाला घेऊन तिच्या घरी आला. मी माझी विणायला टाकलेली खुर्ची न्यायला गेले होते. माणूस भलताच गोडबोल्या. म्हणाला, "पोराला शिकायला माझ्या बहिणीकडे पाठवतोय. हिलाही तिथेच ठेवू, शिकवू, वय झालं की लग्न लावून देऊ. पण हिच्या आई-बापांना एखाद्या संस्थेत ठेवायचं. उठसूट हिला बोलावणं आलेलं चालायचं नाही. सांग त्यांना, बेटा."

सांग त्यांना म्हणे! आई-बापांना घराबाहेर काढायचा निरोप लेकीनेच द्यायचा. त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं.

ती आई-बापांकडे वळली. मग सहा बोटं दाखवली, विणल्यासारखे हात फिरवले. सहा खुर्च्या हव्यात, एवढं मलाही कळलं. बापाचा चेहरा खुलला.

पोराला अर्थातच सगळं समजलं. रडकुंडीला येऊन त्याने गुडघ्याजवळ, कुजबुजावं तसे, हात हलवले. तिने नकारार्थी मान हलवली. पुढच्या आठवड्यात तो गेला, आणि काही वर्षांनी परतला तो बायको घेऊनच.

महिनाभरात सहा खुर्च्या तयार झाल्या. न्यायला कोण येणार? कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्या. त्या कधी विकल्या नाहीत, आणि त्यांवर कोणी बसलंही नाही.

आता तिची चाळिशी उलटली. लग्न राहिलं ते राहिलंच. बापही गेला. परवा मी सहज म्हातारीला विचारलं, "त्या खुर्च्या विकून का टाकत नाही?" लेकीने प्रश्न हातांनी सांगितला. आई उत्तर देऊ लागली, आणि ही नेहमीच्या सवयीने, एका सुरात, ते बोलून दाखवू लागली.

"ती ऑर्डर खरी नव्हतीच. मी खाली बसून विणत होते. पोराचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. खोटं सांगू नकोस, माझ्याबरोबर चल, असं म्हणाला. यांनीही पाहिलं. आम्ही घाबरलो. काही पाहिलंच नाही असं दाखवून विणत बसलो…"

ती थांबली. आईचे हात अजून चालूच होते.

"पुढे काय म्हणतायत?" मी विचारलं.

"चहा घेणार का, विचारतेय."

म्हातारीने तिच्यापुढे दोन्ही हात जोडले होते.