वाल्मीक सरांचे त्र्याऐंशी फाटे

वाल्मीक गायधनी या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि त्याची शिक्षा दोन महिने मी भोगली. आमचं ऑफिस नाशिक रोडला, एका मेडिकल दुकानाच्या वर. शेतातल्या ठिबकचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे आणि बंद करायचे, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. सर पळसे गावचे, वय सेहेचाळीस. आधी वायरमन होते, वावरावावरात पेट्या बसवता बसवता कोडिंग शिकले. जागेवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलंय. खिशात दोन फोन, डबा उभ्याउभ्या, आणि कुठल्याही शेतकऱ्याने काहीही मागितलं तरी एकच उत्तर, जमवतो.

त्या प्रत्येक 'जमवतो'पायी कोडमध्ये एक 'जर' वाढायचा. अमक्याच्या विहिरीला पाणी कमी, मग तो असेल तर अर्धाच तास. तमक्याच्या गावचा बुधवारी बाजार, मग बुधवार असेल तर उशिरा. अकरा वर्षांचे हे जर-तर एकाच मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच सलग भागात, एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. वाचायला बसलं की डोकं भणभणायचं. यंदा कंपनीने कोडची गुंतागुंत मोजणारं टूल आणलं. कोडच्या वाटेला किती फाटे फुटतात ते हे टूल मोजतं. एका मेथडला पंधरा चालतात. सरांच्या मेथडचा आकडा आला त्र्याऐंशी. ती फोडून तिच्या लहान लहान मेथड करायच्या, नाव वाचताच काम कळेल अशा, हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या आठवड्यात मी सरांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग जरा हात बसला. एकेक तुकडा वेगळा काढायचा, त्याला नाव द्यायचं, आकडा उतरलेला बघायचा. एकसष्ट, चाळीस, अठ्ठावीस. सर माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत राहायचे आणि दर तासाला कुठवर आलं म्हणून विचारायचे. अहो, येईल की, बसा ना जरा, असं मी दोनदा म्हटलंसुद्धा. ते काही बसले नाहीत.

अठ्ठावीसवर एक तुकडा अडला. पहाटे चार ते पाच व्हॉल्व्ह तेरा बंद आणि चौदा उघडा, आणि चौदावाल्याच्या फोनवर त्याची नोंद दिसू नये अशी सोय. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. कुठला व्हॉल्व्ह कुणाचा, ती यादी काढून बघितली. तेरा नंबर केरू तात्यांचा, माझ्या सख्ख्या चुलत्यांचा. चौदा आमचा.

आमची विहीर सामाईक आहे. पहाटे पाचपर्यंत पाण्याची पाळी तात्यांची, पुढे आमची. वाटणीत विहिरीपासून लांबचं, टोकाचं वावर आमच्याकडे आलं तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या वडिलांनी, पुंजाराम अण्णांनी, चार लोकांत सांगून टाकलंय की केरूच्या पाण्याच्या थेंबाला शिवणार नाही. आणि इथे रोज त्यांचा अख्खा तास आमच्या काकडीला! गाव काय म्हणणार, ते मला आत्ताच ऐकू येत होतं. पुंजारामची पोरगी कंपनीत बसून चुलत्याचं पाणी चोरते.

सरांना विचारलं. ते पाणी प्यायला उठले, परत आले, खिडकी उघडली, पुन्हा लावली. तेवढा तुकडा राहू दे, म्हणाले. का, म्हटलं, तर आहे एक कारण म्हणून जिना उतरून गेले. तीन दिवस मला ना जेवण गोड लागलं, ना कामात लक्ष. शुक्रवारी सर पेट्या बघायला घोटीला गेले, तेव्हा मी तो तुकडा उडवला आणि नवं कोड चालू करून टाकलं. अण्णांच्या नावाला आता बट्टा लागणार नव्हता.

सोमवारी घरी अण्णांची चिडचिड सुरू झाली. टोकाच्या ओळी माना टाकत होत्या, काकडी कडू निघते म्हणून व्यापाऱ्याने चार क्रेट परत पाठवले होते. एप्रिलचं ऊन, दुसरं काय, असं मी म्हटलं.

मंगळवारी केरू तात्या ऑफिसात आले. चपला चिखलाने भरलेल्या. माझ्याकडे न बघता सरळ सरांपुढे उभे राहिले.

"वाल्मीक भाऊ, माझ्या वावरात चिखल झालाय अन् त्याची काकडी जळतीये. माझा तास कुठं गेला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. तात्यांनीही बघितलं, आणि मग त्यांना ओळख पटली. मी उभी राहिले. मीच काढला म्हणून सांगितलं, चोरी वाटली म्हणून सांगितलं. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"लावून दे, बाई," ते म्हणाले. "लहान भाऊ हाय माझा. टोकाला पाणी पोचत नाय, मला दिसतं ना. पण घरी बोलू नको. काकडी उपटून टाकील, पण माझं पाणी घ्यायचा नाय."

सहा वर्षांपूर्वी हेच ते सरांपाशी बोलले होते, आणि सरांनी जमवलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की तात्यांना चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

तात्या गेल्यावर मी तो तुकडा परत आणला, वेगळी लहान मेथड केली आणि नावाशी येऊन थांबले. नुसतं 'चारचा तास' लिहिलं, खोडलं. शेवटी 'केरू तात्यांनी दिलेला तास' असं नाव दिलं. सर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि नाव बदल म्हणाले, शब्द दिलाय मी. मी ऐकलं नाही. नाव नव्हतं म्हणूनच मला ती चोरी वाटली होती, उद्या दुसऱ्या कुणालाही वाटेल. कोड काही अण्णा वाचणार नाहीत, म्हटलं. सर उठले आणि पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.

गुरुवारी सकाळी मी अण्णांबरोबर वावरात गेले. टोकाच्या ओळीत वाकून त्यांनी माती मुठीत घेतली, दाबून बघितली. बांधापलीकडे तात्या आमच्याकडे पाठ करून उभे होते. अण्णा त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने म्हणाले, "पोचलं बघ पाणी. आपलं आपण निभावतो. कुणाच्या उपकाराची गरज नाय आपल्याला."

तात्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"हो, अण्णा," मी म्हटलं, आणि काकड्या तोडायला खाली बसले.