मंगळवारची नळी

थोरल्या शरदसाठी यमुताईंना काहीच करता आलं नव्हतं. चौतीस वर्षांचा मुलगा कचेरीतून आला आणि जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसला. छातीत वात धरला असेल म्हणून त्या ओवा कढवायला आत गेल्या. बाहेर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं.

त्याला चार वर्षं होतात न होतात तोच, चौर्‍याहत्तर साली, धाकट्या मुकुंदच्या लघवीत साखर निघाली. वय अठ्ठावीस. डॉक्टरांनी यमुताईंना समोर बसवून सांगितलं, की साखर अशी चढती राहिली तर रक्तवाहिन्या आतून बिघडतात, हृदयाला रक्त पुरत नाही, आणि तरुणपणी ते कळतही नाही. थोरल्याचंही बहुधा हेच झालं असावं. यमुताईंच्या कानात तेवढंच राहिलं. घरी येता येता त्या महादेवाला सोळा सोमवार बोलल्या.

साठी उलटलेली, गुडघे दुखरे. तरी सोमवारी दिवसभर तोंडात काही नाही, संध्याकाळी कणकेचा, तूपगुळाचा चुरमा. त्याचे तीन भाग. एक देवळात, एक गाईला, एक आपला. आपल्यातला घासभर त्या खायच्या आणि उरलेला मुकुंदच्या पानात वाढायच्या. ज्याच्यासाठी व्रत, त्याच्याच पोटात प्रसाद गेला नाही तर उपास करून काय फायदा? एरवी त्याचा चहासुद्धा त्यांनी बिनसाखरेचा केला होता. पण प्रसाद म्हणजे काही गोडधोड नव्हे.

लघवी तपासायचं काम सून नीलाकडे होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर जपून, विटेसारखं लाल झालं तर वाईट. जो रंग येईल तो ती कॅलेंडरवर लिहायची. अकराव्या सोमवारनंतर तिनं ते कॅलेंडर सासूपुढे धरलं.

"आई, लाल मंगळवारीच काहून येते?"

यमुताईंनी कॅलेंडर पाहिलं नाही. देवाचा प्रसाद कधी कोणाला बाधला आहे का, असं त्यांनी विचारलं. नीलानं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. मुकुंदच हसून म्हणाला, "आई, महादेवानं विष पचवलं. मला गूळ पचून नाही राहिला, तर त्याला काय बोल लावायचा?"

त्या हसल्या नाहीत. आठवडाभर सुनेशी कामापुरतंच बोलल्या.

बारावा सोमवार आला. चुरमा झाला, तीन वाट्या भरल्या. मुकुंदच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकू आला आणि मध्येच थांबला. यमुताई दाराशी आल्या. तो पाचव्या पायरीवर बसला होता, तळहात छातीवर.

"काही नाही गं," तो म्हणाला. "दम लागला. बसून राहिलो जरा."

त्यांचे पाय आत, चुलीकडे वळत होते. ओव्याकडे. त्यांनी ते वळू दिले नाहीत. नीलाला हाक मारली, डॉक्टरांकडे धाडलं, आणि स्वतः चौथ्या पायरीवर त्याच्या पायांशी बसून राहिल्या. डॉक्टर येऊन तपासून गेले. या वेळेला निभावलं, म्हणाले, पण साखर आता खाली यायलाच हवी.

पानं घेतली तेव्हा मुकुंदनं नेहमीसारखा हात पुढे केला. यमुताईंनी वाटी त्याच्या कपाळाला लावली, डोळ्यांना लावली, आणि सगळा भाग आपल्या पानात ओतून घेतला. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून पाणी पीत पीत त्यांनी तो संपवला.

मंगळवारी सकाळी दिव्यापाशी त्याच बसल्या. नीलानं थेंब मोजून दिले. नळी उकळली, निळी थोडी फिकटली, हिरवी झाली, आणि तिथेच थांबली. यमुताईंनी ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली. मग कॅलेंडर मागून घेतलं आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, हिरवी.

अजून चार सोमवार होते. महादेवाला सांगायचं होतं, की तुझा प्रसाद पोराला देत नाही, रागावू नकोस. एवढं सांगायलाही आज अंगात बळ नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या. नीलानं नळी धुऊन फळीवर उपडी ठेवली.