चर्चच्या उंबऱ्यावरची मासेवाली

बंदरावरच्या त्या मासेवालीचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटे. पाद्रीबाबांशीसुद्धा ती सुरमईवरून हुज्जत घाले. पण नव्या रस्त्यासाठी जुनं चर्च पाडायला मजूर पहारी घेऊन आले, तेव्हा तीच टोपलीसकट उंबऱ्यावर बसली.

“ऊठ गं!” मुकादम ओरडला.

“नाय उठत! ही पांढरी भिंत बघून आमच्या होड्या खाडीत शिरतात. ती पाडलीस तर माझा घोव वाट कशी शोधेल?”

बघता बघता मच्छीमारांची सगळी वाडी तिच्याभोवती बसली. मीही त्यांच्यात जाऊन बसले. दुपारी वरच्या साहेबाचा निरोप आला. रस्ता वळवणार, चर्च राहणार!

पाद्रीबाबांनी तिला हात जोडले.

“हात कसले जोडताव? घंटा वाजवा!” ती गरजली, आणि भर दुपारी घंटा घणघणली.